झिंग्यांच्या सालपटांची पट्टी

तीन-तीन दिवस काचेकडं बघत बसणाऱ्या माणसांजवळ गोष्टी साठणार नाहीत तर काय होईल! आमचं कामच तसं होतं. द्रावण काचेवर ओतायचं, सारखं पसरायचं आणि वाळायची वाट बघायची. हलवायचं नाही, फुंकायचं नाही, पंखासुद्धा लावायचा नाही. मग माणूस काय करणार? बोलणार!

माझ्या थीसिसमध्ये सगळी मापं आहेत. पट्टीची जाडी किती, ताण किती सोसते, पाणी किती पिते. मापात जे बसलं नाही ते माझ्याजवळ राहिलं. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सुमन, तुमच्या लॅबचा एखादा किस्सा सांग ना." एखादा कुठला सांगू? एक ओढला की बाकीचे मागं येतात.

आधी माणसं सांगते, चारच आहेत. पहिले आमचे धारूरकर सर. मोठ्या शहरातली मोठी प्रयोगशाळा सोडून परभणीतल्या कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत येऊन बसलेले. का आले, ते कधी सांगितलं नाही. विद्यार्थ्यालासुद्धा 'तुम्ही' म्हणायचे. दुसरे शेखचाचा, लॅब अटेंडंट. काचेचं भांडं त्यांच्या हातून कधी फुटलं नाही आणि आमच्या हातून फुटलं की ते आठवडाभर बोलायचे नाहीत. तिसरा दत्ता, मानवतकडच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. आणि चौथी मी, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेली. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदला आणि बदलू नका, या दोन बाजू प्रत्येक घरात, प्रत्येक एस.टी.त, प्रत्येक वर्गात होत्या. आमच्या लॅबमध्येही होत्या.

आणि आम्ही काय करत होतो? झिंग्याच्या सालीत एक पॉलिमर असतो. पॉलिमर म्हणजे एकासारखा एक मणी ओवलेली लांबच लांब साखळी. ती साल आम्लात धुवायची, कॉस्टिक सोड्यात शिजवायची, मग ती सौम्य आम्लात विरघळते आणि तिची पातळ, पारदर्शक पट्टी करता येते. जखमेवर, भाजलेल्या कातडीवर ती लावली की खालचं मांस भरून येतं, असा सरांचा अंदाज. तो खरा की खोटा, एवढंच आम्हाला बघायचं होतं. त्यात माझी सात वर्षं गेली!

*

झिंगे आणायला आम्ही येलदरीला जायचो, धरणावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावर तिघंचौघं मासे साफ करत बसले होते. सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "आम्हाला झिंग्यांची सालपटं हवीत."

"आन् झिंगे?"

"झिंगे नकोत. ते तुम्ही ठेवा."

त्यातल्या म्हाताऱ्यानं सुरी खाली ठेवली, सरांना खालून वर नीट बघितलं. शेजारच्याला म्हणाला, "ह्येंना काय इचारू नगंस. देऊन टाक. लय शिकलेले दिसायलेत."

पोतं भरलं. दुपारच्या उन्हात ते एस.टी.च्या मागच्या सीटखाली ठेवलं. जिंतूर यायच्या आत अर्धी गाडी पुढं सरकली होती. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला. "मास्तर, हे काय हाय?"

"औषध आहे," सर शांतपणे म्हणाले.

"कशाचं?"

"जखमेचं."

पुढच्या सीटवरून एक बाई मागं न बघता म्हणाल्या, "जखमेचं सावकाश करा, दादा. आदी नाकाचं काढा!"

*

कॉस्टिकमध्ये साल शिजवायची तर सहा तास एकसारखी उष्णता लागते. आणि परभणीची लाईट सहा तास सलग राहिली तर लोक एकमेकांना सांगत सुटायचे! चार वेळा आमचा माल अर्धवट शिजून वाया गेला. सर खुर्चीत बसून विझलेल्या हीटरकडं बघत राहिले.

शेखचाचा म्हणाले, "सर, बिर्याणी कैसी होती? दम पे. उसकू लाईट लगती क्या?"

सरांनी मान वर केली. "बोला, शेखसाहेब."

चाचांनी पत्र्याच्या डब्यात भुसा ठासून शेगडी केली. भुसा मंद जळतो, तासन्‌तास. वर भांडं ठेवायचं, जड झाकण घालायचं. भांडं म्हणून चाचांनी घरून डेगची आणली. लग्नातली, ॲल्युमिनियमची, घासून आरशासारखी केलेली. आम्ही कोणीच विचार केला नाही. शेगडी अजून पेटवायची होती. दत्तानं कॉस्टिक ओतलं आणि डेगची सूं करून फसफसायला लागली!

"लांब व्हा! सगळे लांब!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढंच ऐकलं. खिडक्या उघडल्या, काडेपेटी बाहेर फेकली. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि पेटणारा वायू सोडतं, हे बारावीच्या पुस्तकात असतं. आम्ही पुस्तकाच्या फार पुढं गेलो होतो ना!

पुढं स्टीलच्या पातेल्यात हे तंत्र इतकं छान जमलं की थर्मामीटर दोन अंशांच्या वर हलेना. सरांनी शोधनिबंधात लिहिलं, 'स्थानिक बनावटीचे स्थिर तापमान यंत्र'. पण त्या दिवशी चाचा बूड नसलेली डेगची पिशवीत घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आले. मी विचारलं, "चाची काय म्हणाल्या?"

"बोली, लोगां खाना खाके डेगची वापस करते. तुमारे सर डेगचीच खा गए!"

*

पट्टी झाली. काचेवरून निघाली. पण वाळली की पापडासारखी तडकायची. एप्रिल महिना होता. आम्ही त्यातल्या त्यात बऱ्या पट्ट्या घेऊन एका धनगर कुटुंबाकडं गेलो. मेंढ्यांची लोकर कातरणं चाललं होतं. कातरताना मेंढीला कात्री लागते, बारीक जखमा होतात, त्यांवर लावून बघायचं होतं. पहिली पट्टी मेंढीनं अंग झाडताच चार तुकडे होऊन पडली. दुसरी तशीच.

घरची गोदामावशी शेजारी लिंबाखाली घोंगडीच्या मागावर बसली होती. उभ्या सुताला ती चिंचोक्याची खळ लावत होती, सूत मजबूत व्हावं म्हणून. आमची फजिती बघून हसायला लागली.

"कामून हसता, मावशी?" दत्तानं विचारलं.

"नुसती खळ लावली की सूत कडक व्हतंय बाबा, आन् कडक झालं की तडकतंय. खळीत जरा तेलाचं बोट फिरवावं लागतंय. तुमच्या ह्येच्यात काय तेलबिल हाय का न्हाई?"

सरांनी उरलेल्या पट्ट्या पिशवीत घातल्या. लॅबमध्ये आल्यावर म्हणाले, "ग्लिसरीन काढा." साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना हलायला जागा देणारा पदार्थ घालायचा असतो, हे सरांना काय माहीत नव्हतं? शंभर वेळा शिकवलं होतं! पण दुसऱ्याच्या मागावर बघितल्याशिवाय आठवलं नाही. थोडं ग्लिसरीन घातलं आणि पट्टी बोटाला गुंडाळली तरी तुटेना.

शोधनिबंधाच्या शेवटी सरांनी गोदामावशीचे आभार मानले. संपादकांचं पत्र आलं, 'या संशोधक कोणत्या संस्थेत आहेत?' सरांनी उलट टपाली गावाचं नाव लिहून कळवलं, 'लिंबाच्या झाडाखाली, स्वतःच्या मागावर.' आणि ते छापून आलं!

आम्ही अंक घेऊन मावशीला दाखवायला गेलो. तिचं नाव कुठं आहे त्यावर मी बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून हात फिरवला. मग खालची ओळ, वरची ओळ, सगळं पान बघितलं.

"आन् मह्या मेंढीचं कुठं हाय?"

"मेंढीचं?"

"मंग! कात्री तिला लागली का मला?"

*

मेंढीनंतर बैल. दत्ताच्या वडिलांच्या एका बैलाचा खांदा जुवानं फुटला होता. जखम महिन्याची, भरत नव्हती. आबा, म्हणजे दत्ताचे वडील, सरांना म्हणाले, "लावा तुमची पट्टी. आमचं सगळं करून झालंय."

दर चार दिवसांनी पट्टी बदलायची. बैल मारका. दत्ताला जवळ येऊ देईना, सालगड्याला येऊ देईना. मला येऊ दिलं. का, ते बैलालाच ठाऊक! मी खांद्यावर हात ठेवला की मान खाली घालायचा. आबा लांब उभे राहून बघायचे. पहिल्या दिवशी मला पाणी आलं ते वेगळ्या पेल्यात. सरांनी तो पेला माझ्या हातातून घेतला, स्वतः प्यायले, आणि मला म्हणाले, "अजून मागा." घरात जरा गडबड झाली. मग दुसरं पाणी आलं. पेला तोच होता, पण आता तो सरांचा उष्टा होता, त्यामुळं कुणालाच काय करावं ते कळेना!

जखम अर्धी भरत आली आणि पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते, खांदा शेकून त्याला हळद-लोणी चोळतात. सर म्हणाले, "पट्टीला हात लावायचा नाही." आबा म्हणाले, "वर्षभर त्येनं वढलं. एक दिस त्येचा खांदा मळला न्हाई तर त्यो काय म्हनंल?"

दोघंही हटेनात. शेवटी असं ठरलं की पट्टी सोडून भोवतीनं मळायचं. पण बैल पुन्हा कुणालाच जवळ येऊ देईना. मग लोण्याची वाटी माझ्या हातात आली. आबांच्या गोठ्यात, सणाच्या तोंडावर, अख्खी भावकी बघत असताना! मी मळत राहिले.

मळून झालं. आबा पुढं आले, बैलाच्या कानाशी वाकून रिवाजाप्रमाणं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग सरळ झाले. माझ्याकडं बघितलं नाही. दावणीकडं बघत म्हणाले, "तुमी बी."

दुसऱ्या दिवशी मी गेले. ओसरीवर बसून जेवले. आत नाही, ओसरीवर. पण बैलाच्या आधी कुणी जेवलं नव्हतं आणि बैलानंतर पहिलं ताट माझं होतं.

*

तरी काही फार बदललं असं समजू नका.

पुढच्या वर्षी नामांतराचं पुन्हा पेटलं. एका आठवड्यात दोन मोर्चे निघाले, एक नाव बदला म्हणणाऱ्यांचा, एक बदलू नका म्हणणाऱ्यांचा. मी एकात होते. दत्ता दुसऱ्यात दिसला. त्यालाही मी दिसले असणारच. दुसऱ्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

पण पट्टी काचेवरून एकट्यानं निघत नाही. एकानं दोन कोपरे धरायचे, दुसऱ्यानं दोन, आणि एकाच वेगानं उचलायची. कुणी घाई केली की फाटते. आठ दिवस आम्ही समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या हातांकडं बघत, एक शब्द न बोलता पट्ट्या उचलल्या. कधी उचलायची ते श्वासावरून कळायचं. चाचा मधूनच आमच्याकडं बघायचे आणि उगाच काच पुसायचे.

मला तेव्हा लय राग होता. त्याचा होता, तसा स्वतःचाही होता. ज्या माणसाशी बोलायचं नाही त्याच्या श्वासाची इतकी सवय कशी होते!

आठव्या दिवशी सरांनी सगळ्या पट्ट्या उजेडात धरून बघितल्या. एकही बुडबुडा नाही, एकही चीर नाही. आम्ही दोघं दोन टोकांना उभे.

"आजवरच्या सगळ्यात चांगल्या पट्ट्या या आहेत," सर म्हणाले. चष्मा काढला, पुसला. "पण उद्यापासून जरा खराब काढा आणि बोलायला लागा."

*

हा किस्सा हसायचा नाही.

बैलाची गोष्ट गावोगाव गेली होती. एक दिवस सकाळी ताडकळसकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन लॅबच्या दारात आला. घरात स्टोचा भडका उडाला होता. बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, ओल्या धोतरात गुंडाळलेला. तो सरांना म्हणाला, "साहेब, ती पट्टी लावा."

काचेवर ताजी पट्टी वाळून तयार होती. मी बघितलं, दत्तानं बघितलं, सरांनीही बघितलं.

"मला परवानगी नाही," सर म्हणाले. "माणसावर अजून तपासलेली नाही. चांगलं होईल की वाईट, मला माहीत नाही."

"बैलाला तर लावली की."

"हो."

"मंग आमी..."

सरांनी चाचांना रिक्षा आणायला पाठवलं. स्वतः त्या दोघांबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. बाईचा हात नेहमीच्या मलमपट्टीनंच पुढं बरा झाला, वण राहिला. नंतर ते दोघं एकदा येऊन भेटूनही गेले. पण त्या दिवशी सर परत आले, तयार पट्टी आमच्याकडून काचेवरून काढून घेतली आणि हातात घेऊन बसले.

मी म्हणाले, "सर, तुम्ही बरोबर केलंत."

"बरोबर केलं, हे मला माहीत आहे," सर म्हणाले. "तुम्ही दुसरं काहीतरी बोला."

त्याच दुपारी त्यांनी परवानगीसाठी पहिला अर्ज लिहिला. मग दुसरा, मग तिसरा. कधी हे कागद कमी, कधी ते. दोन वर्षं गेली. परवानगीचं पत्र आलं तेव्हा शेखचाचांनी सगळ्यांना पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालायला विसरले.

*

आणि आता हा शेवटचा. पत्र आल्यानंतरच्या आठवड्यातला.

माझी माय गावाहून एस.टी.नं आली होती. लॅब बघायची म्हणून मागंच लागली. "सात वरीस काय करायलीस ते तरी बघू दे." दुपारची वेळ होती. दत्ता बेसिनशी काचा धूत होता, चाचा दाराशी बसले होते. सर उठून उभे राहिले, तिला स्वतःची खुर्ची दिली.

"तुमच्या मुलीनं केलेली आहे," म्हणून त्यांनी एक पट्टी तिच्यापुढं धरली. "भाजलेल्या माणसासाठी. हातात घेऊन बघा."

मायनं पदराखालून हात काढले.

मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जाळली. माय बाहेर पडली होती, पण शेळी खुंट्याला तशीच राहिली, म्हणून परत आत गेली. दावं सोडताना वरचा पेटलेला पाचटाचा पेंढा हातांवर आला. शेळी वाचली. हातांची कातडी गोळा होऊन बसली, बोटं पुरती उघडत नाहीत आणि पुरती मिटत नाहीत.

त्या बोटांवर सरांनी पट्टी ठेवली. त्यांचा हात तिथंच थांबला.

"कधीचं?" त्यांनी विचारलं.

"नावाच्या टायमाचं," माय म्हणाली. जशी माणसं दुष्काळाच्या टायमाचं म्हणतात, तसं.

मायनं पट्टी खिडकीच्या उजेडाकडं धरली. पलीकडचं लिंबाचं झाड तिच्यातून दिसत होतं.

"ह्ये जळलेल्या मानसाला लावायचं म्हनता?"

"हो."

"कुनाला बी?"

"कुणालाही."

"ज्यांनी जाळलं, त्येंचे हात पोळले तर त्येंला बी?"

बेसिनचा नळ बंद झाला. दत्तानं मागं वळून बघितलं नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मायकडं.

"हो, बाई," ते म्हणाले. "त्यांनाही."

मायनं मान हलवली. पट्टी होती तशी जपून काचेवर ठेवली, वाकड्या बोटांनी तिचे चारी कोपरे सरळ केले.

"मंग लय करून ठिवा," ती म्हणाली.